गाडी गरम करायची, पण किती वेळ?

जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली जातो. मे महिन्यात पंचेचाळीस अंश मुकाट्याने सोसणारे आपण या दिवसांत मात्र पार गारठून जातो. सकाळी साडेसहाला लष्करातल्या कुठल्याही गल्लीतून चक्कर मारा. दारोदारी गाड्या घरघरताना दिसतील आणि आत कोणीच नसेल. मालक गाडी चालू करून घरात चहा घेत असतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "इंजन गरम हो रहा है." मराठी घर असेल तर उत्तर मराठीत, फरक तेवढाच.

आमच्या घरी हा वाद दर हिवाळ्यात होतो. बाबांचं म्हणणं असं, की दहा मिनिटं गाडी चालू ठेवल्याशिवाय गिअर टाकणं म्हणजे झोपेतून उठवलेल्या माणसाला थेट जिना चढायला लावणं. मी मेकॅनिकलचा बी.ई. आणि नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळे गाडीबद्दल मी काही बोललो की "तू कॉम्प्युटरचं बघ" असं ऐकावं लागतं. पण बाबा चुकीचं शिकलेले नाहीत, हे मला मान्य आहे. ते ज्या गाड्यांवर शिकले, त्या गाड्याच आता राहिल्या नाहीत.

प्रीमियर पद्मिनी, पेट्रोलवरची ॲम्बेसेडर, सुरुवातीची मारुती ८००, या सगळ्या कार्ब्युरेटरवाल्या. पेट्रोल जळतं ते त्याची वाफ होऊन हवेत मिसळल्यावर. थंडीत ही वाफ नीट होत नाही. पेट्रोलचे थेंब वाटेतच थंड धातूला चिकटून राहतात आणि सिलिंडरमध्ये पुरेसं पेट्रोल पोचत नाही. कार्ब्युरेटरला हे कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून आपण चोक ओढायचो. चोक ओढला की हवा अडते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. चोक लवकर आत ढकलला तर गाडी पुढच्या चौकात आचके देऊन बंद पडणार, उशिरा ढकलला तर काळा धूर. तेव्हा वापरात असलेलं इंजिन ऑईलही थंडीत चांगलंच घट्ट व्हायचं. अशा गाडीला पाच-दहा मिनिटं देणं हा शहाणपणाच होता.

मग १९९९-२००० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे दिल्ली परिसरात नव्या गाड्यांना धुराचे युरो नियम लागू झाले. असे नियम पाळायचे तर कार्ब्युरेटर पुरेना. त्याची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली आणि हळूहळू देशभर तेच आलं. या गाड्यांमध्ये इंजिनातल्या पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर असतो. तो आकडा गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरकडे जातो आणि पेट्रोल किती सोडायचं हे तो कॉम्प्युटर ठरवतो. आम्ही प्रोग्रॅममध्ये वापरतो तसंच एक टेबल त्याच्याकडे असतं: अमुक तापमान, तर इतकं पेट्रोल. सकाळी सेल्फ मारल्यावर आरपीएमचा काटा हजार-बाराशेच्या वर जातो आणि थोड्या वेळाने आपोआप खाली येतो, तो याच हिशेबाने. चोक गेला नाही, तो कॉम्प्युटरच्या हातात गेला.

ऑईलही बदललं. डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे हिवाळा आणि त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑईल थंडीत सहज वाहतं. आपल्याकडच्या थंडीत ते काही सेकंदांत इंजिनभर पोचतं. त्यानंतर गाडी उभी ठेवून मिळत काहीच नाही.

उलट थोडं नुकसानच होतं. उभ्या गाडीच्या इंजिनावर भार नसतो, त्यामुळे ते फार सावकाश तापतं. तोवर कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत राहतो. त्यातलं काही न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून खाली उतरतं, तिथलं ऑईल धुऊन काढतं आणि खालच्या ऑईललाही पातळ करतं. गिअरबॉक्स आणि चाकांची बेअरिंग तर उभ्या गाडीत तापतच नाहीत. लहान पेट्रोल गाडी उभ्या-उभ्या तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. म्हणजे दहा मिनिटांत पेलाभर. महिन्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मग करायचं काय? गाडी सुरू करा. बेल्ट लावा, आरसे बघा. तेवढ्यात अर्धं-पाऊण मिनिट जातं आणि तेवढं पुरतं. निघा, पण पहिले तीन-चार किलोमीटर सबुरीने. जोरात रेस करायचं नाही आणि निघाल्या-निघाल्या हायवेवर ऐंशी-शंभर गाठायचं नाही. जिना हळू चढा म्हटलं, की बाबांचा दाखलाही खोटा ठरत नाही. डिझेल गाडीत चावी फिरवल्यावर पिवळा कॉइलचा दिवा दिसतो, तो विझल्यावरच सेल्फ मारा. जुन्या चेतकला अजूनही चोक आणि दोन मिनिटं लागतात, तिथे बाबांचाच नियम चालतो. कॅनडातले आपले नातेवाईक उणे पंचवीसमध्ये इंजिनाला विजेचा हीटर लावतात, ती गोष्ट वेगळी. तिथला सल्ला व्हॉट्सॲपवरून थेट लष्करात आणू नये.

थांबायला खरं कारण एकच, समोरची काच. धुक्यात ती आतून-बाहेरून धुरकट होते. अशा वेळी हीटरबरोबर एसीही चालू करा. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, त्यामुळे काच लवकर साफ होते. काच नीट दिसेपर्यंत पाच मिनिटं लागली तरी लागू द्या. गरम पाणी मात्र ओतू नका, काच तडकते.

आमच्या घरी मात्र वाद पेट्रोलवरून नव्हताच. जुनं घर, खाली बंदिस्त पोर्च, थंडी म्हणून त्याचं दार लोटलेलं, आणि आजीची खोली बरोबर त्याच्या वर. इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. थंड इंजिनातून तो सर्वांत जास्त पडतो, कारण पेट्रोल जादा असतं, आणि धूर साफ करणारा कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरून बसतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला तर यातलं काही जाणवतच नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात. तो हाच वायू. बंद पोर्चमधली गाडी ही त्याच शेगडीची मोठी बहीण.

मागच्या डिसेंबरात आजी दोन-तीनदा म्हणाली, "सकाळी डोकं जड होतं रे." कारण वयाचंही असेल, थंडीचंही असेल. पण बाबांपुढे मी ऑईल आणि पेट्रोल सोडून एवढंच मांडलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गाडी सुरू झाली की लगेच गल्लीत येते. पोर्चची दोन्ही दारं सताड उघडी राहतात आणि बाबा बाहेर उभे राहून फडक्याने काचा पुसतात. त्याला ते अजूनही गाडी गरम करणंच म्हणतात.

या हिवाळ्यात आजीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा छोटा अलार्मही लावला. बॅटरीवर चालतो, ऑनलाइन मिळतो. आलेल्या-गेलेल्याला आजी तो दाखवते आणि सांगते, नातवाने घड्याळ आणलंय, पण काटे लावायचे राहिलेत.