बाराचे पाच व्होल्ट कसे करावेत?



सिन्नर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या ठाकरवाड्यांवर पावसाळ्यात लाईट गेली की ती केव्हा येईल याचा भरवसा नसतो. मागच्या आषाढात एका वाडीवर रात्री एक बाई बाळंतपणात अडली. १०८ ला फोन करावा, तर घरातले तिन्ही मोबाईल बंद. शेवटी तिचा दीर अंधारात खालच्या गावापर्यंत धावत गेला. आई व बाळ सुखरूप आहेत. पण त्याच घराच्या छपरावर सोलर प्लेट होती, हे मला दुसऱ्या दिवशी दिसले. तिला थेट मोबाईल जोडला, तो जळाला, म्हणून प्लेट तशीच पडून होती.

असे का झाले? ‘बारा व्होल्टची’ म्हणून मिळणारी प्लेट कडक उन्हात, काही जोडलेले नसताना, २० व्होल्टच्याही वर जाते. साधा मोबाईल ५ व्होल्टवर चार्ज होतो. शिवाय रात्री प्लेट काहीच देत नाही. म्हणून मध्ये दोन वस्तू हव्यात: साठवायला बॅटरी आणि व्होल्ट उतरवणारा चार्जर.

बॅटरी मोटारसायकलची जुनी चालते. इंजिन सुरू करायला एकदम मोठा करंट लागतो. तो देता आला नाही की बॅटरी बदलतात. दिव्याला एवढा जोर लागत नाही. चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर मीटरवर १२.४ च्या वर दाखवत असेल तर ती घ्यावी. व्होल्ट उतरवायला चारचाकीत लावायचा मोबाईल चार्जर घ्यावा. तो १२ व्होल्टचे ५ करतो. त्याच्या टोकाची पिन प्लस, बाजूच्या पत्र्याच्या पट्ट्या मायनस.

प्लेट आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर लावा. त्याला आधी बॅटरी जोडायची, मग प्लेट. बॅटरीच्या प्लसजवळच ५ अँपिअरचा फ्यूज बसवा. पोरे हा फ्यूज हमखास गाळतात. दोन वायरी चुकून चिकटल्या तर छोटी बॅटरीसुद्धा वायर लाल करते, आणि आपली घरे कुडाची आहेत.

आता हिशेब. १२ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ६० वॅट-तास. निम्मीच वापरावी, नाहीतर लवकर मरते. उरले ३०. तीन वॅटचा बारा व्होल्टवर चालणारा बल्ब चार तास लावला की १२ गेले. बटणांचा मोबाईल ४-५ घेतो, मोठा मोबाईल १५ च्या वर. जुनी बॅटरी यापेक्षा कमीच देणार. म्हणून टीव्हीचा विचार सोडा. आधी बटणांचा मोबाईल भरा.

द्राक्षाच्या किंवा टोमॅटोच्या कामाला बाहेर राहणाऱ्यांनी हाच सगळा सरंजाम टोमॅटोच्या क्रेटमध्ये बसवून सोबत न्यावा. बॅटरी मात्र आडवी करू नये, आतले ॲसिड सांडते. चार्जिंगच्या वेळी ती चुलीपासून लांब, हवेशीर जागी ठेवावी. तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्या फोडून आतले सेल काढण्याचा नाद काही मुलांना लागला आहे. तो बंद करा. ते सेल भडकतात.

हे काम वायरमनचेच असे समजू नका. आयआयटी मुंबईच्या योजनेत २०१४ पासून गावच्याच लोकांनी विद्यार्थ्यांसाठी लाखो सोलर दिवे जोडले, विकले आणि दुरुस्तही केले.

आमच्या केंद्रात मीटर आहे. जुनी बॅटरी भंगारात देण्याआधी तपासून न्यावी.