बांधीतलं लोखंड फुगतं तेव्हा

साकोली तालुक्यात सानगडीच्या आसपास रोवणीनंतर महिनाभराने बांधीतलं धानाचं एखादं रोप उपटून पाहा. मुळं धुतली तरी त्यांच्यावरचा तांबूस थर जात नाही. पाय रुततो तो चिखल मात्र राखाडी-काळा. लोखंड दोन्हीकडे तेच. त्याच्या अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले आणि तो केवढा उरला, एवढाच फरक.

लोखंडाच्या अणूत २६ प्रोटॉन, २६ इलेक्ट्रॉन. धातूत त्याची त्रिज्या साधारण १२६ पिकोमीटर. पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन गेले की अख्खं बाहेरचं कवचच जातं आणि त्रिज्या ७८ वर येते. हा फेरस आयन. आणखी एक गेला की उरलेल्या २३ इलेक्ट्रॉनांना ओढायला तेच २६ प्रोटॉन, आणि इलेक्ट्रॉनांची आपसातली ढकलाढकलही कमी. त्रिज्या ६४.५. हा फेरिक. इलेक्ट्रॉन घेणाऱ्याचं उलट होतं: क्लोरीनचा ९९ पिकोमीटरचा अणू मिठात १८१ चा असतो. आयनाला कडक कड नसते. स्फटिकातल्या शेजाऱ्यांमधलं अंतर क्ष-किरणांनी मोजून हे आकडे काढतात.

चिखलणी होऊन पाणी साचलं की मातीतला प्राणवायू जिवाणू लवकरच संपवतात. मग एरवी प्राणवायूला द्यायचे इलेक्ट्रॉन ते आधी नायट्रेटला, मग मँगनीजला आणि पुढे फेरिकला देतात. फेरिकचा फेरस होतो, घनफळ जवळपास पावणेदोनपट वाढतं. लहानखुरा, तीन धनभारांचा फेरिक ऑक्सिजनला इतका घट्ट धरतो की पाण्यात उतरतच नाही. मोठा, कमी भाराचा फेरस विरघळतो. फेरिकला चिकटून अडकलेलं स्फुरदही त्यामुळे सुटतं आणि धानाला मिळतं. साचलेल्या पाण्याची ही देणगीच.

पण फेरस फार झाला तर धानालाच बाधतो. त्यावर उपाय मुळापाशीच असतो. रोपातल्या हवेच्या पोकळ्यांतून खाली आलेला प्राणवायू मुळाबाहेर झिरपतो. जवळ आलेला फेरस तिथेच इलेक्ट्रॉन गमावतो, आक्रसतो आणि गंज होऊन मुळावर बसतो. तोच तो तांबूस थर.

बांधीच्या कडेला पाण्यावर दिसणारा चमकता तवंगही बहुधा याच लोखंडाचा, डिझेलचा नव्हे. खात्री करायची तर काडीने डिवचावा. तेलाचा तवंग पुन्हा जुळून येतो, लोखंडाचा तुकडे होऊन तसाच तरंगत राहतो.