स्मृती हरवलेला आतुर आणि त्याची चिकित्सा
(बार्बरा विल्सन यांच्या कार्याचा परिचय)

चिकित्सेच्या चतुष्पादांचे वर्णन करताना चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात रोग्याचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. यांत स्मृतीला पहिले स्थान आहे, ही गोष्ट आपण पाठांतराच्या ओघात सहसा लक्षात घेत नाही. आपला आजार केव्हा व कसा सुरू झाला हे रोग्याला आठवले पाहिजे; वैद्याने सांगितलेले पथ्य व औषध त्याच्या ध्यानात राहिले पाहिजे. स्मृतीच नष्ट झाली तर निर्देशकारित्व टिकत नाही, कारण निर्देश दिला होता हेच त्याला ठाऊक नसते. ज्ञापकत्वही उरत नाही, कारण काल रात्री काय त्रास झाला हे तो सांगू शकत नाही. अशा आतुराची चिकित्सा कशी करावी?

ब्रिटनमधील क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट बार्बरा विल्सन यांनी चार दशकांहून अधिक काळ याच प्रश्नावर काम केले. मेंदूला इजा झाल्यानंतर स्मृती, अवधान, भाषा, नियोजन इत्यादी मानसिक व्यापारांत कोणते दोष उत्पन्न झाले हे तपासणे आणि त्या दोषांसह रुग्णाला जगण्यास समर्थ करणे, हे या शाखेचे कार्य. विल्सन यांचे आत्मचरित्र २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या कार्यातील काही भाग आपल्या दैनंदिन व्यवसायाला थेट उपयोगी पडणारा असल्याने त्याचा परिचय येथे करून देत आहोत.

उशिरा सुरू झालेली वाटचाल

विल्सन यांचा जन्म १९४१ चा. तीन अपत्यांची आई झाल्यावर, वयाच्या तिशीत त्यांनी विद्यापीठीय शिक्षण सुरू केले. १९७९ मध्ये त्या ऑक्सफर्ड येथील रिव्हरमीड पुनर्वसन केंद्रात रुजू झाल्या. तेथे अपघात, पक्षाघात वा मेंदूच्या संसर्गातून वाचलेले रुग्ण येत. त्यांतील अनेक जण बोलत, चालत, विनोदही करत. परंतु सकाळी भेटलेली व्यक्ती दुपारी त्यांना अनोळखी वाटे.

त्या काळातील स्मृतिपरीक्षा प्रामुख्याने शब्दांच्या याद्या व आकृत्या स्मरणात ठेवण्यावर आधारलेल्या होत्या. त्यांतून गुण मिळत, पण हा माणूस घरी एकटा राहू शकेल काय, याचे उत्तर मिळत नसे. विल्सन यांनी सहकाऱ्यांसह १९८५ साली रिव्हरमीड स्मृतिपरीक्षा सिद्ध केली. तीत रुग्णाची एखादी वस्तू त्याच्यादेखत लपवली जाते व परीक्षेच्या शेवटी ती त्याने आठवणीने मागायची असते. छायाचित्रातील व्यक्तीचे नाव लक्षात ठेवणे, खोलीतील ठरावीक मार्गाने जाणे, वाटेत निरोपाचे पाकीट ठेवणे, घंटा वाजताच नेमून दिलेला प्रश्न विचारणे, अशी रोजच्या व्यवहारातील कामेच या परीक्षेचा विषय आहेत. रुग्ण जेथे अडखळतो तेथेच मोजमाप घ्यावे, हे तिचे सूत्र.

दोन रुग्ण, दोन वाटा

क्लाइव्ह वेअरिंग हे लंडनमधील नामवंत संगीतज्ञ. मार्च १९८५ मध्ये हर्पिस विषाणूमुळे त्यांच्या मेंदूला दाह झाला आणि त्यांची नवी स्मृती काही क्षणांपलीकडे टिकेनाशी झाली. आपण नुकतेच, प्रथमच शुद्धीवर आलो आहोत, असे ते दैनंदिनीत लिहीत. थोड्या वेळाने तीच नोंद खोटी ठरवून खोडत आणि पुन्हा तसेच लिहीत. मात्र त्यांना पियानो वाजवता येई, स्वरलेखन वाचून गायनाचे संचालनही करता येई. शिकलेले कौशल्य आणि घडलेल्या प्रसंगांची आठवण या मेंदूच्या वेगवेगळ्या व्यवस्था आहेत, हे या रुग्णात स्पष्ट दिसले. विल्सन यांनी त्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तथापि दैनंदिनी हे स्मृतीचे साधन म्हणून त्यांना उपयोगी पडले नाही; स्वतःच्या अक्षरातील नोंदीवरही त्यांचा विश्वास बसत नसे.

दुसरा रुग्ण कायद्याचा तरुण विद्यार्थी होता. मेंदूतील रक्तस्रावानंतर त्याचीही नवी स्मृती जवळजवळ संपली. परंतु बुद्धी, विचारशक्ती व नियोजनक्षमता शाबूत राहिली. नोंदवही, गजराचे घड्याळ, ध्वनिमुद्रक यांची एक व्यवस्था त्याने कुटुंबीय व चिकित्सकांच्या साहाय्याने वर्षानुवर्षे सुधारत नेली. तो स्वतंत्रपणे राहू लागला आणि वेताच्या खुर्च्या विणण्याचा स्वतःचा व्यवसाय करू लागला. विल्सन यांनी १९९७ साली या व्यवस्थेचा सुमारे दहा वर्षांचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा लेखकांच्या नावांत या रुग्णाची आद्याक्षरेही होती.

या दोघांपैकी कोणाचीही स्मृती परत आली नाही. व्याधीचे नाव एक असले तरी शेष राहिलेले बल भिन्न होते, म्हणून एकाला उपयोगी पडलेले साधन दुसऱ्याला पडले नाही. व्याधीइतकीच आतुराच्या बलाची परीक्षा करावी, हा विचार आपल्या वाचकांना नवा वाटणार नाही. येथे तो काटेकोर नोंदींसह सिद्ध झालेला दिसतो.

चूक होऊ न देता शिकवणे

‘आठवून पाहा, अंदाज करा, चुकले तरी चालेल’ असे आपण शिकणाऱ्याला म्हणतो. निरोगी माणूस चुकांतून शिकतो, हे खरेच आहे. परंतु चूक सुधारण्यासाठी ती चूक होती हे आठवावे लागते. स्मृतिलोपाच्या रुग्णाला ते आठवत नाही. तोंडातून निघालेले चुकीचे उत्तर मात्र नकळत दृढ होते आणि पुढच्या वेळी तेच प्रथम ओठांवर येते.

अॅलन बॅडली व विल्सन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीव्र स्मृतिलोप असलेले १६ रुग्ण होते. एका पद्धतीत शब्दाची पहिली दोन अक्षरे देऊन उरलेला शब्द ओळखावयास सांगितला. दुसऱ्या पद्धतीत योग्य शब्द आधीच सांगून तो लिहून घेतला. दुसऱ्या पद्धतीने सर्व रुग्ण अधिक चांगले शिकले. पुनर्वसनातील ‘निर्दोष अध्ययन’ पद्धतीला या प्रयोगाने भक्कम आधार दिला.

गुणांपेक्षा दिवस महत्त्वाचा

१९९६ साली विल्सन यांच्या पुढाकाराने ईली येथे ऑलिव्हर झँगविल केंद्र सुरू झाले. तेथे उपचारांची उद्दिष्टे रुग्ण, कुटुंबीय व चिकित्सकगट एकत्र बसून ठरवीत. ‘स्मृतिपरीक्षेत अधिक गुण’ हे उद्दिष्ट मानले जात नसे. बसने एकट्याने प्रवास करणे, आठवड्याचा स्वयंपाक योजणे, पुन्हा अर्धवेळ काम करणे, अशी उद्दिष्टे असत. मेंदूच्या इजेनंतर येणारे भय, खिन्नता आणि ‘मी आता पूर्वीचा राहिलो नाही’ ही वेदना यांकडेही स्मृतीइतकेच लक्ष दिले जाई.

याच दृष्टीने त्यांनी पेजरवरील स्मरणसेवेची परीक्षा घेतली. मूळ कल्पना कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याची. त्याच्या मुलाच्या मेंदूला इजा झाली होती. ठरलेल्या वेळी कमरेच्या पेजरवर ‘औषध घ्या’, ‘डबा भरा’ असा संदेश येई. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १४३ रुग्ण होते. १६ आठवड्यांचा अभ्यास पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणांना पेजर असताना रोजची कामे लक्षणीय प्रमाणात अधिक यशस्वीपणे करता आली. पेजरचे दिवस सरले. तेच काम आता खिशातला मोबाइल करू शकतो.

आपल्या चिकित्सालयात आणि औषधालयात

पक्षाघातातून उठलेला, दुचाकीच्या अपघातातून वाचलेला किंवा उतारवयात विसराळू झालेला रुग्ण आपल्याकडेही येतो. एक औषध प्राग्भक्त, दुसरे अधोभक्त, तिसरे निशाकाली, प्रत्येकाचे अनुपान वेगळे, अशी योजना त्याच्या हाती देणे म्हणजे त्याची स्मृतिपरीक्षा घेणेच होय. अशा वेळी औषधकालांची संख्या शक्य तेवढी कमी करावी आणि प्रत्येक मात्रा सकाळचा चहा, जेवण, देवापुढील दिवा अशा नित्याच्या कृतीशी जोडावी.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींनी बाटलीवर रुग्णाच्या भाषेत, ठळक अक्षरांत एकच सूचना लिहावी. ओळखीची बाटली वा वेष्टन अकारण बदलू नये. ‘मागच्या वेळी काय सांगितले होते, आठवते का?’ असा प्रश्न टाळून सूचना पुन्हा, त्याच शब्दांत सांगावी आणि रुग्णाकडून तशीच म्हणवून घ्यावी. घरातील जबाबदार व्यक्तीला ती लेखी द्यावी. पण बोलताना रुग्णाला वगळून केवळ नातेवाइकांशी बोलू नये. त्याला आठवत नसले तरी अपमान कळतो.

विस्मृती वा गोंधळ अचानक उद्भवला असेल किंवा डोक्याला मार लागल्यानंतर दिसू लागला असेल, तर तातडीने रुग्णालयात पाठवणे हे आपले पहिले कर्तव्य आहे, हे वेगळे सांगावयास नको.

रोग्याचे चार गुण शास्त्राने सांगितले ते आदर्श म्हणून. प्रत्यक्षात ते चारही घेऊन येणारा रुग्ण विरळा. एखादा गुण व्याधीनेच हिरावून घेतला असेल, तर त्याची उणीव भिषक्, उपस्थाता आणि द्रव्य या उरलेल्या तीन पादांनी भरून काढावयाची आहे. बाटलीवरील ठळक ओळ, उशाशी लावलेला गजर आणि न कंटाळता दहाव्यांदा सांगितलेली सूचना ही त्या रुग्णाची स्मृतीच होय. ‘आपल्याला काय करता यायला हवे आहे?’ हे मात्र त्यालाच विचारावे. विल्सन यांच्या केंद्रात उपचारांचा आरंभ याच चौकशीतून होत असे.