टाळ, गळा आणि शेवटचा हात

भाईंदर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाता येईल अशा एका सोसायटीत, राहत्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत माझा एक मित्र मास्टरिंग, म्हणजे मिक्स झालेल्या गाण्यावर शेवटचा हात फिरवण्याचं काम, करतो. भिंतींवर कापडात मढवलेले जाड पॅनेल, समोर दोन स्पीकर आणि दोन्हींपासून सारख्या अंतरावर एक खुर्ची. विरार लोकलची घरघर भिंतींनी अडवली तरी फरशीतून जाणवते. म्हणून पखवाजाच्या धुमेबद्दलचा, म्हणजे खर्जाच्या नादाबद्दलचा, निर्णय तो गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतरच घेतो.

मी गेलो तेव्हा अभंगांचा अल्बम लागला होता. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग उरकलेलं. गाणारे बुवा स्वतः हजर. त्यांचं मागणं साधं होतं : "बाजारातल्या सीडीएवढा दणदणीत आवाज यायला हवा."

मित्राने आवाज चढवून दाखवला. गजर सुरू झाला आणि प्रत्येक टाळासरशी बुवांचा गळा किंचित आत ओढला जाऊ लागला. कारण पडद्यावर दिसत होतं. टाळाचा आघात सुईसारखा उंच उठतो. ठरलेल्या मर्यादेबाहेर काही जाऊ नये म्हणून लावलेला लिमिटर त्या क्षणी सगळाच आवाज दाबतो, टाळाबरोबर गळाही. मास्टरिंगला डावी-उजवी अशी दोन चॅनेलची तयार फाइल येते. तिच्यातून टाळ तेवढा स्वच्छपणे वेगळा काढून कमी करणं अवघड असतं.

"बुवा, आवाज वाढेल, पण तुम्ही मागे जाल," मित्र म्हणाला. बुवांनी डोळे मिटून दोन्ही रूपं पुन्हा ऐकली आणि म्हणाले, "टाळ मागे घेऊन आणतो." मिक्सिंगवाल्याकडे फाइल परत गेली. मला वाटतं, त्या दिवशीचं सगळ्यात मोलाचं काम हेच झालं.

सुधारलेली फाइल आल्यावर उरलेली कामं बारकाईची होती. दोन अभंगांमध्ये किती थांबायचं, हे घड्याळापेक्षा लयीवर ठरलं. प्रत्येक ट्रॅकला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक जोडला. २४ बिटांचं ध्वनिमुद्रण सीडीसाठी १६ बिट आणि सेकंदाला ४४,१०० नमुने या मापात बसवलं. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवलेलं हे माप आजही तसंच आहे. बिट कमी करताना अगदी हलका खरखराट मुद्दाम मिसळतात, त्याला डिदर म्हणतात. तो नसेल तर तंबोऱ्याचा विरत जाणारा शेवट खडबडीत होतो. सगळं जमल्यावर डीडीपी नावाचा संच तयार झाला. सीडी बनवणाऱ्या कारखान्याकडे तोच गेला.

कारखान्यात प्रकाशसंवेदी थर दिलेल्या काचेवर लेसरने ध्वनीची माहिती सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात कोरतात. त्या काचेवरून निकेलचा साचा निघतो आणि साच्यात वितळलेलं पॉलिकार्बोनेट दाबलं की १२ सेंटिमीटरची, १.२ मिलिमीटर जाडीची तबकडी काही सेकंदांत बाहेर पडते. तिच्यावर अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर लाख, त्यावर छपाई. खड्ड्यांची सर्पिल रेघ आतून बाहेर जाते. तिच्या दोन वेढ्यांत अंतर असतं १.६ मायक्रॉन. एकदा साचा बनला की एक सेकंदही बदलता येत नाही.

साच्याचा खर्च हजारभर प्रती काढल्या तरच परवडतो. सप्ताहात वाटायला शे-दोनशे प्रती हव्या असतील तर कोऱ्या सीडी-आर बर्न करून घेणं शहाणपणाचं, मात्र त्यांतला रंगाचा थर उन्हात खराब होतो, हे लक्षात ठेवावं.

अल्बम काढणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. मिक्सिंग आणि मास्टरिंग एका दमात उरकू नका. मध्ये दोन-चार दिवस कानांना विश्रांती द्या. ऑर्डर देण्यापूर्वी नमुना सीडी घरच्या प्लेअरवर आणि गाडीत, पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत ऐका. २४ बिटांची मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. आणि सीडी हाताळताना चकाकत्या बाजूइतकीच छापील बाजूही सांभाळा. गाण्याचा थर त्या छपाईच्या अगदी खाली असतो. तिथे पडलेला खोल ओरखडा कुठल्याही पॉलिशने भरून निघत नाही.