भाड्याची खोली आणि मध्यरात्रीचा वाढदिवस

बाहेरगावची मुले शिकायला येणार, ही गोष्ट बडोद्याला नवी नाही. १८८१ साली येथे बडोदे कॉलेज निघाले, १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, आणि अलीकडे वाघोडिया रस्त्याच्या बाजूला खासगी विद्यापीठेही उभी राहिली. वसतिगृहात सगळ्यांनाच जागा मिळते असे नाही. मग फत्तेगंज, निजामपुरा, सामा या भागांत तीन-चार मुले मिळून एखादा फ्लॅट घेतात, किंवा एखाद्या कुटुंबात पेईंग गेस्ट म्हणून राहतात. या बिऱ्हाडकरू विद्यार्थ्यांविषयी आणि त्यांच्या रात्रीच्या मौजेविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

वसतिगृहातला विद्यार्थी आणि भाड्याच्या खोलीतला विद्यार्थी यांत एक मोठा फरक असतो. वसतिगृहात दंगा झाला तर प्रथम रेक्टर येतो, रागावतो, दंड करतो, आणि प्रकरण बहुधा तेथेच मिटते. भाड्याच्या खोलीत असा मधला माणूस नसतो. तेथे दरवाजा वाजला तर बाहेर एक तर शेजारी उभा असतो, नाही तर पोलीस. म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी हा मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदाच पूर्णपणे नागरिक होते, आणि नागरिकाला लागू असलेले कायदे तर कोणत्याच अभ्यासक्रमात नेमलेले नसतात. राज्यकारभारातले शब्द लोकांना कळावेत म्हणून सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९३१ साली अनेक भाषांतील प्रतिशब्दांचा कोश निघाला होता. त्या गावात निदान चार साधे नियम तरी साध्या भाषेत सांगायला हरकत नसावी.

मध्यरात्रीच्या वाढदिवसाचेच उदाहरण घेऊ. बाराचा ठोका पडताच मित्रमंडळी सोसायटीच्या फाटकाशी जमतात, मोटारसायकलीच्या सीटवर केक ठेवला जातो, फेसाचे फवारे उडतात, एखादी फटाक्यांची माळ लागते, हॉर्न वाजतात, आणि मग वर फ्लॅटमध्ये स्पीकर सुरू होतो. मुलांच्या मनात वाईट काही नसते. पण ध्वनिप्रदूषणासंबंधीचे २००० सालचे नियम पाहिले तर या पाच मिनिटांत तीन तरी नियम मोडलेले असतात. रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ कायद्याने रात्र धरला आहे. त्या वेळात उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, निवासी भागात हॉर्न वाजवता येत नाही, आणि फटाकेही उडवता येत नाहीत. निवासी वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दोन माणसांचे साधे बोलणे साठाच्या आसपास जाते, हे लक्षात घेतले म्हणजे ४५ हा आकडा किती हळू आहे ते समजेल. रुग्णालय, शाळा-कॉलेज किंवा न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या परिसराला शांतता क्षेत्र घोषित करता येते, आणि तेथे नियम आणखी कडक असतात.

“मग नवरात्रात गरबा रात्री बारापर्यंत कसा चालतो?” असा प्रश्न मुले हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही नियमातच आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी दहा ते बारा या वेळात ध्वनिक्षेपकाला परवानगी देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण तो वर्षाकाठी एकूण पंधरा दिवसांपुरताच. ती सवलत साऱ्या गावाच्या उत्सवाला मिळते, एकाच्या वाढदिवसाला मिळत नाही. रस्त्यावरच्या वाढदिवसांचा त्रास इतका वाढला होता की २०१९ साली सुरतेच्या पोलीस आयुक्तांनी सार्वजनिक जागी केक फासण्यावर काही काळ बंदीच घातली होती.

दुसरी गोष्ट दारूची. येथे परप्रांतातून आलेल्या मुलांचा विशेष घोटाळा होतो. मुंबईचा, इंदूरचा वा पुण्याचा मुलगा मनात वयाचा हिशेब करतो. गुजरातेत प्रश्न वयाचा नाही, परवान्याचा आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० साली गुजरात राज्य झाल्यावरही येथे चालू राहिला, आणि आज तो गुजरातच्याच नावाने ओळखला जातो. परवान्यावाचून दारू बाळगणे आणि पिणे, दोन्ही गुन्हे आहेत, मग ते स्वतःच्या खोलीत दार लावून का असेना. विक्री आणि वाहतूक यांच्या शिक्षा २०१७ मध्ये दहा वर्षांपर्यंत वाढवल्या आहेत. दमणच्या दुकानातली पावती वापीच्या नाक्यावर परवाना ठरत नाही. २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत सवलत दिली गेली, तिचा बडोद्याच्या फ्लॅटशी काही संबंध नाही.

कायदा बरा की वाईट, यावर तरुणांनी खुशाल वाद घालावा. परंतु चोरून मिळणाऱ्या बाटलीत काय भरले आहे हे कोणी सांगू शकत नाही, ही गोष्ट वादापलीकडची आहे. २००९ साली अहमदाबादेत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली, आणि २०२२ च्या जुलैत बोटाद-धंधुक्याच्या बाजूला पुन्हा चाळीसांवर गेली. अशा दारूतले मिथेनॉल प्रथम साध्या नशेसारखेच भासते, आणि काही तासांनी डोळ्यांपुढे अंधारी आणते. म्हणून या लेखातले एक वाक्य विसरले तरी चालणार नाही असे आहे : मित्र शुद्धीवर नसेल, श्वास संथ झाला असेल, दृष्टी धूसर झाली असेल, तर पोलिसांच्या भीतीने त्याला खोलीत झोपवून ठेवू नका. त्याला कुशीवर वळवा, एकटे सोडू नका, आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना काय प्यायला ते खरे सांगा. खटल्यातून माणूस कधी ना कधी सुटतो, पण उशिरा नेलेल्या मित्राला परत आणता येत नाही.

तिसरा नियम कागदाचा आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, असे आदेश शहरांतून पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात, आणि ती न दिल्यास घरमालकावर कारवाई होऊ शकते. खोलीत चार नावे लिहून दिली आणि राहतात मात्र सात, असे असेल तर उद्या काही घडले म्हणजे पहिला जबाब घरमालकालाच द्यावा लागतो.

आणि खरा मुद्दा येथेच आहे. घरमालकीणबाई, मग त्या मराठी काकू असोत की गुजराती मासी, खोली देतात ती विश्वासावर. एका रात्रीच्या दंग्याने तो विश्वास गेला की दुसऱ्या दिवशी सोसायटीची सभा भरते आणि “यापुढे विद्यार्थ्यांना जागा नाही” असा ठराव होतो. दंगा करणारी मुले परीक्षा देऊन निघून जातात. शिक्षा भोगतो तो पुढच्या जूनमध्ये हातात बॅग घेऊन दारोदार फिरणारा, ज्याचा त्या रात्रीशी काही संबंध नव्हता असा एखादा धुळ्याचा वा दाहोदचा मुलगा. मुलींच्या बाबतीत तर दारे आणखी लवकर बंद होतात.

मग मौज करूच नये काय? असे कोण म्हणेल! आपल्याकडे कोजागिरीला गच्चीवर रात्र जागवतात. आटवलेले दूध असते, पेटी असते, गप्पा असतात, आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांनाही पेलाभर दूध पोहोचते. ते दूध पोहोचले म्हणूनच वरचे हसणे त्यांना खुपत नाही. तेच शहाणपण वाढदिवसालाही लागू आहे. शेजारच्या दारी आदल्या दिवशी जाऊन “उद्या आमच्याकडे दहा जण येणार आहेत, काही त्रास झाला तर या नंबरावर सांगा” एवढे म्हणावे. जेवण आठला ठेवावे, गाणी साडेनऊला आवरावीत, केक बाराला कापायचाच असेल तर खिडक्या लावून आत कापावा. जिन्यातून उतरताना आवाज सांभाळावा, आणि सकाळी फाटकाजवळचा कागद-फुग्यांचा कचरा स्वतः उचलावा. सोसायटीच्या सभेत चार शब्द बोलायची वेळ आली, तर हेच शेजारी त्या मुलांच्या बाजूने बोलतील.