चांगल्याला चांगले म्हणा

वेरूळवरून कन्नडला आणि तेथून पुढे चाळीसगावला ज्यांचे जाणेयेणे आहे, त्यांना औट्रम घाट काही नवा नाही. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ह्याच घाटाने खाली खानदेशात उतरतो. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी आणि मध्ये वळणावर वळण. पावसाळ्यात धुके दाटले की पुढच्या वाहनाचा मागचा दिवादेखील दिसत नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस तर अतिवृष्टी होऊन ह्या घाटात दरडी कोसळल्या, वाहने अडकून पडली आणि रस्ता बंद झाला.

आता समजा, तुम्ही कन्नडचा बाजार आटोपून मोटारसायकलवरून घरी निघाला आहात. मागे पिशवीत भाजीपाला, खताची पावती, लेकरांसाठी खाऊ. आणि एका वळणावर कोणी अनोळखी माणूस रक्ताच्या थारोळ्यात पडलेला दिसतो. तुमचा पाय ब्रेकवर जातो. पण मन म्हणते, "अरे, थांबलो तर पोलीस विचारतील, दवाखान्यात पैसे भरायला लावतील, कोर्टाचे हेलपाटे पडतील." पाय ब्रेकवरून निघतो. तुम्ही काही दुष्ट नाही हो! तुम्ही फक्त भ्यालेले आहात.

हे भय खरे होते, आणि त्याने कितीक जीव गेले. २००७ साली दिल्लीत असाच एक शाळकरी मुलगा रस्त्यावर अपघातात सापडला. माणसे होती, पण वेळेवर मदत मिळाली नाही, आणि मुलगा गेला. त्याचे एक नातेवाईक पीयूष तिवारी यांनी पुढच्याच वर्षी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था काढली आणि हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या नियमांना कायद्याचे बळ दिले. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आले.

हे कलम काय सांगते, ते गुरुजींनी शाळेत आणि ग्रामसेवकांनी चावडीवर मोठ्याने वाचून दाखवावे असे आहे. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीपायी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. स्वतःचे नावगाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हे त्याने स्वतः ठरवायचे. अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायद्याने 'सुवर्ण तास' मानले आहे, कारण उपचार त्या तासात मिळाले तर जीव वाचण्याचा संभव सर्वांत जास्त. म्हणून १०८ ला फोन लावावा, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि आगीचे किंवा वाहनांचे भय नसेल तर जखमीची ओढाताण करू नये. एवढे तर तुम्हाआम्हाला जमण्यासारखे आहे.

सरकार एवढ्यावर थांबले नाही. गंभीर जखमीला सुवर्ण तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यास ५,००० रुपये आणि प्रशस्तिपत्र द्यावे, अशी योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू केली. २०२५ साली ती रक्कम २५,००० करण्यात आली आणि अशा माणसाला नाव मिळाले 'राहवीर'.

येथे कोणी म्हणेल, "अहो, चांगुलपणाला बक्षीस कशाला? आपली जुनी माणसे सांगत आली आहेत की उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये. केलेल्या उपकाराचा बोभाटा करायचा असतो का?"

शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधायला लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणला जाऊ. नाथमहाराजांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. काशीची कावड रामेश्वराला वाहायला निघालेली, आणि वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसताच नाथांनी ती गंगा त्याच्या तोंडात ओतली, असे सांगतात. आता विचार करा. नाथ काही गावोगाव सांगत फिरले नसतील की मी गाढवाला पाणी पाजले म्हणून. पण ऐकणाऱ्याने पुढच्याला सांगितले, कीर्तनकाराने कीर्तनात सांगितले, आजीने नातवाला सांगितले. म्हणून चारशे वर्षांनंतरही आपले लेकरू उन्हाळ्यात चिमण्यांसाठी परळात पाणी ठेवते. करणाऱ्याने गप्प बसावे हे खरेच. पण पाहणाऱ्यानेही गप्प बसावे, असे आपल्या वाडवडिलांनी कधी म्हटलेले नाही. उलट त्यांनी ते गाऊन ठेवले.

म्हणजे नियम असा झाला: करणाऱ्याने विसरावे आणि पाहणाऱ्याने सांगावे.

हाच नियम जपानी लोकांनी वेगळ्या रीतीने पाळला. १९६३ साली टोकियो विद्यापीठाचे प्रमुख सेइजी काया यांनी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगितले की तुम्ही विद्वान झालात, आता लहानलहान दयेची कामे धीर करून करत चला. त्यांची लाट समाजात पसरेल. त्याच वर्षी तेथे 'लहान दयाळूपणाची चळवळ' उभी राहिली. ह्या चळवळीत छोट्या सत्कृत्यांबद्दल पत्र दिले जाते. मात्र ज्याचे काम त्याने अर्ज करायचा नसतो, इतरांनी त्याचे नाव कळवायचे असते.

आता पैशाच्या बक्षिसाचे काय? येथे जरा जपून पाऊल टाकले पाहिजे. शिक्षक बंधुभगिनींनी पुढचे नीट ऐकावे. जर्मनीत लायप्झिग येथे फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो ह्या संशोधकांनी वीस महिन्यांच्या मुलांवर एक प्रयोग केला आणि २००८ साली तो प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू खाली पडे आणि मूल ती उचलून देई. काही मुलांना त्याबद्दल खेळणे मिळाले, काहींना नुसते शाबासकीचे शब्द आणि काहींना काहीच नाही. पुढे सर्वांचेच बक्षीस बंद केले. तेव्हा ज्यांना खेळणी मिळाली होती ती मुले इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. शब्दांनी मात्र तसे काही बिघडले नाही. पहा, अजून नीट बोलताही न येणाऱ्या लेकराला कळते की हे प्रेम होते, ह्याचा आता सौदा झाला.

गावांचीही गत थोडीफार तशीच. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. दोहोंनी महाराष्ट्रातली गावे हलवली, हे कबूल केले पाहिजे. शेजाऱ्यापाजाऱ्यांत वर्षानुवर्षे बोलचाल नव्हती ती सुरू झाली, उकिरडे हलले. पण ज्या गावाने केवळ बक्षिसावर डोळा ठेवला, तेथे समिती येऊन गेल्यावर झाडू कोपऱ्यात गेला. ज्या गावाला स्वच्छतेची गोडी लागली, तेथे तो हातात राहिला. घाटातल्या जखमीसाठी पैशाचे बक्षीस समजण्यासारखे आहे, कारण तेथे भयाशी झुंज आहे आणि माणसाची मजुरीही बुडते. रोजच्या चांगुलपणाला मात्र पैसा नको, शब्द पुरेत.

आणि रोजचा चांगुलपणा म्हणजे तरी काय? तो आपल्या गावात ठायी ठायी आहे, आपणच त्याला चांगुलपणा म्हणत नाही. सोंगणीच्या दिवसांत एखाद्याच्या घरी आजारपण आले तर भावकी विसरून लोक सावडीने त्याचे रान मोकळे करून देतात. टंचाईच्या साली तहसीलचा अधिग्रहणाचा कागद येण्याआधीच कोणी आपल्या विहिरीवर गल्लीला पाणी भरू देतो. बसमध्ये कोणी पोर उठून ओझेवाल्या मावशीला जागा देते. दहावीची एखादी मुलगी शेजारच्या आजींना बँकेचा कागद वाचून दाखवते. विचारले तर म्हणतील, "त्यात काय एवढं? जाऊ द्या हो!" हे "त्यात काय एवढं"च गाव टिकवून धरते. भांडणाची बातमी पारावर सकाळी येते आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावी पोहोचते. ह्या कामांची बातमी मात्र कोणी पोहोचवत नाही. मग लेकरांना वाटते की गाव म्हणजे नुसती भांडणेच.

ह्यावर काय करावे? तीन साध्या गोष्टी सुचवतो. खर्च म्हणाल तर एका वहीचा.

पहिली शाळेसाठी. परिपाठात सुविचार होतो, दिनविशेष होतो, त्याला दोन मिनिटे जोडावीत. एका मुलाने उठून सांगावे, "काल मी अमक्याला हे चांगले काम करताना पाहिले." अट एकच, स्वतःचे काम सांगायचे नाही. गुण द्यायचे नाहीत, क्रमांक काढायचा नाही, टाळीसुद्धा एकदाच. मुले प्रथम वर्गातले पाहतील, मग घरातले आणि मग रस्त्यावरचे. सोंगणीच्या वेळी बापाने कोणाला मदत केली, हे पोराने शाळेत सांगितल्याचे बापाच्या कानी आले, तर त्याला काय वाटेल ते तुम्हीच मनात आणा.

दुसरी ग्रामसभेसाठी. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. विषयपत्रिका संपल्यावर सरपंचांनी मागच्या तीन महिन्यांतली पाचसात कामे वहीतून वाचून दाखवावीत. हारतुरे, फलक, भाषण काही नको. त्याच सभेत एकदा कलम १३४-अ समजावून सांगावे, म्हणजे घाटात थांबणाऱ्याचा पाय पुन्हा कचरणार नाही.

तिसरी सर्वांसाठी, आणि तीच मोठी. उपकार घेणाऱ्याची लाज राखावी. कोणाला धान्य दिले, कोणाची फी भरली, त्याचे नाव वहीत येता कामा नये, छायाचित्र तर नाहीच नाही. मदत घेताना काढलेले चित्र गावभर फिरले, तर पुढच्या वेळी तो गरजवंत उपाशी राहील, पण दारात येणार नाही. मग आपल्या कौतुकाने दयाच मारली असे होईल. देणाऱ्याचे कौतुक हलक्या आवाजात करावे, घेणाऱ्याचे नाव पोटातच ठेवावे.

श्रोतेहो, चांगुलपणा शिकवून येत नाही असे म्हणतात. असेल तसे. पण तो पाहून येतो, आणि पाहायचा तर कोणीतरी बोट दाखवावे लागते. तेव्हा आज रात्री जेवताना एवढेच करा. दिवसभरात कोणाचे एखादे चांगले काम दिसले असेल तर ते घरात सांगा. पोरे ऐकत असतात. उद्या त्यांच्यातलेच कोणी घाटाच्या वळणावर ब्रेक दाबेल, आणि तो पाय मग निघणार नाही.