आम्लपित्त : बाळाचे आणि डॉक्टरांचे

बालरोगतज्ज्ञाने आम्लपित्तावर लेख लिहावा, हे काही वाचकांना अधिकारातिक्रमण वाटेल. पचनसंस्थेच्या विकारांचे निष्णात आपल्या सभासदांत आहेत. त्यांच्या प्रांतात शिरण्याचा माझा हेतू नाही. तरीही या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार दुहेरी आहे असे मी मानतो. गेली पंचवीस वर्षे मी दूध टाकणारी बाळे आणि त्यांच्या धास्तावलेल्या माता पाहत आलो आहे, हा पहिला अधिकार. दुसरा असा की, त्यातील दहा-एक वर्षे मी स्वतःच या विकाराचा रुग्ण होतो, आणि खेदाने नमूद करतो की अत्यंत बेशिस्त रुग्ण होतो.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील एक संध्याकाळ मला चांगली आठवते. साडेतीन महिन्यांच्या नातवाला घेऊन एक आजीबाई आणि तिची सून आली होती. बाळ प्रत्येक वेळी अंगावर प्यायल्यानंतर दूध टाकी, कधी गुळणीभर, कधी सगळे झबले भिजेल इतके. आजीबाईंनी पिशवीतून एकामागून एक तीन बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. एक आम्ल कमी करणारी, एक उलटी थांबवणारी आणि एक ‘गॅसची’. मी बाळाला तराजूवर ठेवले. वजन उत्तम वाढलेले होते. बाळ हसत होते, पाय झाडत होते. तपासून झाल्यावर मी तिन्ही बाटल्या बाजूला सारल्या आणि म्हणालो, “याला औषधाची गरज नाही. थोडा काळ जाऊ द्या, आपोआप थांबेल.”

आजीबाईंची नजर माझ्या टेबलाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे माझ्या स्वतःच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी पडली होती. “डॉक्टरसाहेब,” त्या म्हणाल्या, “बाळाची बाटली बंद करता, मग ही पट्टी कुणाची?”

सून ओशाळली, मी हसून वेळ मारून नेली. पण त्या रात्री तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. तीच तक्रार, जवळजवळ तेच औषध. एकाला मी नाकारतो आणि दुसऱ्याला, म्हणजे स्वतःला, वर्षानुवर्षे विनाचौकशी देत राहतो. या दोहोंत शास्त्र कोठे आहे आणि सवय कोठे?

प्रथम शास्त्र पाहू. जठरातील आम्ल हा शत्रू नव्हे. अन्नातील प्रथिनांचे पचन सुरू करणे आणि अन्नाबरोबर आलेले जंतू मारणे ही त्याची कामे आहेत. हे आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल होय, हे विल्यम प्राऊट याने १८२४ साली दाखवून दिले. जठराचे अस्तर ते सहन करते, अन्ननलिकेचे अस्तर करीत नाही. म्हणून दोहोंच्या सांध्यावर निसर्गाने स्नायूंची एक झडप ठेवली आहे. ही झडप गिळताना उघडते. पण अधूनमधून, विशेषतः भरपेट जेवणाने जठर ताणले गेल्यावर, ती गिळण्याखेरीजही क्षणभर सैल पडते. आम्ल वर येते ते बहुधा याच वेळी. थोडक्यात, बहुतेक रुग्णांत आम्ल प्रमाणाबाहेर तयार होत नसते; ते भलत्या जागी पोहोचते. या एका वाक्यात उपचाराचे निम्मे मर्म आहे. गोळी आम्ल कमी करते, झडप दुरुस्त करीत नाही.

आता बाळाकडे वळू. चार महिन्यांच्या सुमारास जवळजवळ दोन-तृतीयांश बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. आहार केवळ द्रवरूप, देहाच्या मानाने मात्रा मोठी, अन्ननलिका आखूड आणि दिवसाचा बराच वेळ आडवे पडण्यात जाणारा. दूध वर आले नाही तरच नवल! बाळ बसू लागते, घन आहार घेऊ लागते, तसतसे हे कमी होत जाते आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुसंख्य बाळांत थांबते. वजन वाढणाऱ्या, हसऱ्या बाळाची गुळणी हा रोग नव्हे, ती वाढीतील एक अवस्था आहे. काश्यपसंहिता या बालरोगांना वाहिलेल्या आपल्या प्राचीन ग्रंथातही अम्लपित्तावर स्वतंत्र अध्याय आहे. बाळे आणि आम्ल यांचे नाते वैद्यकाला नवे नाही. नवी आहे ती आपली औषधे देण्याची घाई.

या घाईची कबुली मला द्यायला हवी. १९९०च्या दशकात पदव्युत्तर शिक्षण घेताना अशा बाळांसाठी सिसाप्राइड हे औषध आम्ही निःशंकपणे लिहीत असू. मीही लिहिले आहे. पुढे त्याने हृदयाची लय बिघडू शकते असे आढळले. अमेरिकेत २००० साली ते सर्वसाधारण विक्रीतून मागे घेण्यात आले आणि भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. माझ्या हातून कोणा बाळाला इजा झाल्याचे मला ठाऊक नाही; पण ज्या बाळांना त्याची मुळी आवश्यकताच नव्हती, त्यांना मी तो धोका पत्करायला लावला, ही बोच राहिली आहे.

आम्लनाशकांची कथाही बोलकी आहे. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रिफ्लक्सची लक्षणे असलेल्या १६२ तान्ह्या बाळांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्राझोल आणि निम्म्यांना औषध नसलेले द्रावण देण्यात आले. दोन्ही गटांत सुधारणा झाली ती नेमकी सारखीच, ५४ टक्के. मात्र औषध घेतलेल्या गटात गंभीर त्रास, विशेषतः श्वसनमार्गाच्या खालच्या भागाचे संसर्ग, अधिक आढळले. जंतूंना अडवणारा पहाराच आपण उठवला, तर दुसरे काय होणार?

मग मातेला सांगायचे काय? एका वेळी फार पाजू नये. थोडे थोडे, अधिक वेळा पाजावे. पाजताना मध्ये आणि शेवटी ढेकर काढावा, नंतर वीस-तीस मिनिटे बाळाला खांद्यावर उभे धरावे. घरात कोणीही धूम्रपान करू नये. बाळाला झोपवताना मात्र पाठीवर आणि सपाट पृष्ठभागावरच झोपवावे. उशी नको, पोटावर तर नकोच. दूध टाकणारे बाळ पाठीवर झोपल्यास गुदमरेल ही भीती आजीबाईंना हमखास असते. पण बाळाचे घशातील प्रतिक्षेप त्याचे रक्षण करतात आणि अकस्मात मृत्यूचा धोका पाठीवर झोपल्यानेच कमी होतो.

काही खुणा मात्र कदापि दुर्लक्षू नयेत. उलटी हिरवी असेल किंवा तीत रक्त असेल, जोराने कारंज्यासारखी होत असेल, पोट फुगले असेल, वजन वाढत नसेल, बाळ मलूल असेल किंवा टाळू फुगली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सहा महिन्यांनंतर प्रथमच सुरू झालेले किंवा वर्षानंतरही टिकलेले दूध टाकणेही तपासून घ्यावे. काही बाळांत गाईच्या दुधातील प्रथिनांचे वावडे हे कारण असते आणि क्वचित प्रसंगी खराखुरा रिफ्लक्स-रोगही असतो. त्यांना औषध जरूर द्यावे, पण ठरावीक मुदतीचे.

आता या लेखातील दुसऱ्या रुग्णाकडे, म्हणजे माझ्याकडे. माझा दिनक्रम आपल्यापैकी अनेकांना ओळखीचा वाटेल. बाह्यरुग्ण विभाग रात्री साडेनऊपर्यंत, जेवण साडेदहा-अकराला आणि लगेच अंथरूण. त्यात आपले हे इंदूर! सराफ्यात सोन्या-चांदीच्या दुकानांची दारे बंद झाली की खाद्यपदार्थांच्या गाड्या उजळतात आणि पाहुण्याला मध्यरात्री भुट्ट्याचा कीस व जिलबी खिलवल्याखेरीज आपले आतिथ्य पुरे होत नाही. रात्री दोनला छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी. मी गोळी घेत असे तीही जळजळ सुरू झाल्यावर, म्हणजे नेमकी चुकीच्या वेळी.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या वर्गातील औषधे जठरातील आम्लाचे पंप बंद करतात. पण जे पंप त्या वेळी चालू असतील तेच. पंप चालू होतात अन्नाच्या चाहुलीने. म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा ते एक तास, सहसा सकाळच्या न्याहारीआधी घ्यायची असते. तिचा पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. हे मी परीक्षेत लिहिले होते. स्वतःच्या बाबतीत विसरलो होतो.

आजीबाईंच्या प्रश्नानंतर पंधरा दिवसांनी मी एका मित्राकडे, रीतसर रुग्ण म्हणून, गेलो. त्याने आधी हृदयालेख काढला, मग दुर्बिणीने तपासणी केली. झडपेजवळ सौम्य दाह आणि लहानसा हायटस हर्निया होता, अन्य गंभीर काही नव्हते. त्याने आठ आठवड्यांचा औषधक्रम लिहिला आणि त्याखाली, शाळामास्तरासारखे, चार नियम लिहिले. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली सहा ते आठ इंचांचे ठोकळे. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडते आणि दाब उलट वाढतो. शक्यतो डाव्या कुशीवर झोपणे, कारण त्या स्थितीत जठर झडपेच्या खाली राहते. आणि वजन कमी करणे. हा शेवटचा नियम सर्वांत परिणामकारक, आणि अर्थातच सर्वांत कठीण.

खाण्यापिण्याच्या निषिद्ध पदार्थांची लांबलचक यादी त्याने दिली नाही. कोणाला तिखट बाधते, कोणाला तळलेले, कोणाला चहा-कॉफी; ज्याने त्याने आपले पारखावे आणि तेवढेच टाळावे. तंबाखू मात्र सर्वांनीच सोडावी.

मी सायंकाळचे जेवण बाह्यरुग्ण विभागाच्या मधल्या सुटीत, साडेसातला, हलवले. सौ. डबा देऊ लागल्या. वर्षभरात सहा किलो वजन उतरले. औषध बंद करताना मात्र एक गंमत झाली. गोळी थांबवताच चौथ्या दिवशी जळजळ दुप्पट होऊन परतली आणि ‘आता ही जन्मभराचीच’ असे वाटू लागले. मित्राने समजावले की हा रोग नव्हे, पडसाद आहे. २००९ साली डेन्मार्कमध्ये ज्यांना कसलाही त्रास नव्हता अशा निरोगी स्वयंसेवकांना आठ आठवडे असे औषध देऊन थांबवले, तेव्हा त्यांच्यातील ४४ टक्के जणांना नंतर आम्लाची लक्षणे जाणवली. औषध न घेतलेल्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. दडपलेले पंप मोकळे होताच काही काळ जोमाने चालतात. मात्रा निम्मी, मग एक दिवसाआड, मग गरजेपुरती, असे करीत दोन महिन्यांत मी बाहेर पडलो.

येथे उलट टोकाला जाण्याचेही कारण नाही. या गोळ्यांविषयी अनेक भयकथा प्रचलित आहेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सुमारे १७,६०० रुग्णांना सरासरी तीन वर्षे पँटोप्राझोल किंवा औषधहीन गोळी देण्यात आली, आतड्यांचे संसर्ग किंचित वाढले (१.४ विरुद्ध १.० टक्के), बाकी अनिष्ट परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. ज्यांना अन्ननलिकेचा तीव्र दाह आहे, बॅरेट अन्ननलिका आहे, किंवा रक्तस्रावाचा धोका असताना ॲस्पिरिन अथवा वेदनाशामके घ्यावी लागतात, त्यांनी हा लेख वाचून गोळी बंद करू नये. त्यांच्यासाठी ती ढाल आहे. माझा आक्षेप आहे तो प्रत्येक प्रतिजैविकाबरोबर सवयीने लिहिल्या जाणाऱ्या, आणि मग वर्षानुवर्षे कोणीच न थांबवलेल्या गोळीला.

तसेच, गिळताना अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, काळे शौच किंवा पंडुरोग असल्यास घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. आणि चालताना येणारी, घामासह किंवा हाताकडे, जबड्याकडे पसरणारी छातीतील जळजळ ‘गॅस’ समजून रात्र काढू नये, विशेषतः मधुमेहींनी. आधी हृदयालेख, मग पित्ताचा विचार. डॉक्टरांच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे. कारण आपण स्वतःचे निदान स्वतःच करतो आणि ते नेहमी सौम्य असते.

गोवराच्या लसीसाठी नऊ महिन्यांचा झालेला तो नातू पुन्हा माझ्याकडे आला, तेव्हा त्याने माझा स्टेथोस्कोप तोंडात घातला. सुनेने सांगितले की गुळण्या महिन्यापूर्वीच थांबल्या. आजीबाईंनी टेबलाच्या कोपऱ्याकडे पाहिले. तिथे आता फक्त कागद होते. “आणि तुमचं, डॉक्टरसाहेब?” त्यांनी विचारले. “माझंही थांबत आलंय,” मी म्हणालो, “पण मला बाळापेक्षा जास्त दिवस लागले.”

तेव्हापासून मी एक पद्धत पाळतो. आम्लाचे औषध लिहिले की त्याच ओळीत ते थांबवण्याची किंवा फेरतपासणीची तारीख लिहितो. माझ्या समव्यवसायी बंधुभगिनींनाही हीच नम्र विनंती आहे. औषध सुरू करणे हे आपले कर्तव्य आहेच. ते केव्हा संपवावे हे सांगणे, हेही त्याच कर्तव्याचा उत्तरार्ध आहे.